आघातानंतरची आई : कथेत 'खंबीर' लिहिताना नेमकं काय चुकतं?

काठपदर (धागाकर्ती)

शेतकरी आत्महत्येवरच्या मराठी कथांमध्ये एक आई पुन्हा पुन्हा भेटते. नवरा जातो. बाई दोन पानं रडते. मग धाकटं लेकरू पदर ओढतं, ती डोळे पुसते, पदर कमरेला खोचते आणि शेवटच्या परिच्छेदात शेतात उभी असते. सूर्य उगवत असतोच. लेखकाच्या मते बाई खंबीर झाली.

माझा आक्षेप तिच्या खंबीरपणाला नाही. तो कुणाच्या सोयीसाठी लिहिलाय, याला आहे. ती उभी राहिली की दीर, बँक, सोसायटी, सावकार, तहसील सगळे कथेतून सुटतात. वाचकही सुटतो, कारण त्याला कौतुक करायची जागा मिळते. शिवाय ती उभी राहते ती फक्त लेकरांसाठी. स्वतःसाठी तिला काही हवं असलं तर ती लगेच 'आई' या पदावरून खाली येते.

तर चर्चा तंत्राची करू. कोणत्या कादंबरीत हे जमलंय आणि कशामुळे? आघाताच्या खुणा कुठे ठेवायच्या? गावातल्या विधवेला पहिल्या वर्षात खरोखर कोणत्या कागदांना तोंड द्यावं लागतं? 'स्त्रीला समजून घ्या' छापाचे प्रतिसाद नकोत, नेमकं लिहा.

शाईचा डाग

सुरुवात महाश्वेता देवींच्या 'हजार चुराशीर मा'पासून करतो. बंगाली कादंबरी, पुस्तकरूपात १९७४. गोविंद निहलानींचा हिंदी चित्रपट १९९८ चा, तो अनेकांनी पाहिला असेल.

सुजाताचा मुलगा व्रती नक्षल चळवळीत मारला गेलाय. शवागारात त्याचा क्रमांक १०८४. कथानक मात्र मृत्यूच्या दिवशी घडत नाही. ते दोन वर्षांनंतर, १७ जानेवारीला घडतं. तोच व्रतीचा जन्मदिवस आणि त्याच संध्याकाळी घरात मुलीच्या साखरपुड्याची पार्टी. सकाळपासून रात्रीपर्यंतचा एकच दिवस. आघात होऊन गेलाय, जग पुढे गेलंय, बाईला मात्र आत्ता प्रश्न पडायला लागलेत. आपल्याकडच्या कथा पहिल्या तेरा दिवसांतच सगळं उरकतात, म्हणून तेराव्याला बाईला 'बरं' करावं लागतं.

दुसरं, तिचं दुखणं. दिवसभर तिच्या पोटात अपेंडिक्सची कळ आहे. गोळी घेते आणि माणसांना भेटत राहते. लेखिका या कळेला कुठेही 'दुःखाचं प्रतीक' म्हणत नाही. कळ येते, जाते, शेवटी सहन होत नाही. शरीर कथेत ठेवायचं ते असं, वेळापत्रकासारखं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुजाता आघातानंतर अचानक धीट झालेली नाही. बँकेतली नोकरी तिने नवऱ्याचा विरोध पत्करून आधीच टिकवलेली आहे. आणखी मूल नको, हेही तिने आधीच ठरवलेलं आहे. नकाराची सवय जुनी, फक्त त्याचा आवाज शेवटी मोठा होतो. त्यामुळे शेवट पटतो. तुमच्या विधवेनेही नवरा जिवंत असताना एखादी छोटी गोष्ट नाकारलेली असू द्या. अर्ध्या ओळीत येऊन गेली तरी पुरे.

निळी दौत

+१. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) इथे आणायलाच हवी, कारण तिथे आईची ताकद गौरवता येईल अशी ठेवलेलीच नाही.

पाया खरा आहे. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री जानेवारी १८५६ मध्ये कुटुंबासह केंटकीहून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला मारलं, ती परत गुलामगिरीत जाऊ नये म्हणून. मग प्रश्न उभा राहिला की तिच्यावर खुनाचा खटला भरायचा की तिला मालमत्ता म्हणून मालकाकडे परत पाठवायचं. खुनाचा खटला भरायचा तर तिला आधी माणूस मानावं लागलं असतं. तिला परत पाठवलं गेलं.

कादंबरीतली सेथही आपल्या मुलीला असंच मारते, आणि आपल्याला ती त्यानंतर अठरा वर्षांनी, १८७३ मध्ये भेटते. तंत्राचे दोनच धडे घेते, बाकी पुस्तक वाचा.

पहिला. तिच्यासोबत गुलामीत राहिलेला पॉल डी तिला विचारतो, चाबकाने मारलं का? ती सांगते, त्यांनी माझं दूध घेतलं. तो पुन्हा माराचं विचारतो, ती पुन्हा दुधाचंच सांगते. पाठीवरचे वळ जगाला दिसतात. तिच्या हिशेबात मोठी हिंसा वेगळीच आहे, बाळाचं दूध लुटलं ती. आघात कोणता हे पात्र ठरवतं, लेखक किंवा पंचनामा ठरवत नाही. शेतकऱ्याच्या विधवेच्या बाबतीतही विचारून पाहा, तिच्या लेखी सगळ्यात मोठा घाव नवऱ्याचा मृत्यूच आहे का? की सकाळी तिच्याशी तो नेहमीसारखा बोलला हा? की लोकांनी आधी 'भांडण झालं होतं का' असं विचारलं हा?

दुसरा. मुख्य घटना सरळ सांगितलेली नाही. आधी इशारे येतात. मग शेडमधला प्रसंग प्रथम पकडायला आलेल्यांच्या नजरेतून येतो, त्या थंड, मालमत्ता मोजणाऱ्या भाषेत. नंतर सेथ स्वतः सांगायला लागते तेव्हा स्वयंपाकघरात गोल गोल फिरत राहते, मुद्द्याशी येत नाही. वाचकाला घटना माहीत झालेली असते, म्हणून त्या फिरण्याचा अर्थ लागतो. अनेक जण नेमकं उलटं करतात. आईच्या तोंडी सलग, व्याकरणशुद्ध कबुली देतात आणि मग ती 'मोकळी होते'.

आणि सेथ एकटी सावरत नाही. घराबाहेर पाऊल टाकते ती मुलगी डेन्व्हर. शेजारणी खाण्याची भांडी ठेवून जातात, शेवटी तीसेक बाया घरासमोर येऊन उभ्या राहतात. 'एकटी लढली' हे आपल्याकडे कौतुकाने लिहितात. एकटी का पडली, हे कुणी लिहीत नाही.

गुंठेवारी

कागदांचं मी सांगतो, कारण कथांमध्ये 'सरकारी मदत मिळाली नाही' एवढ्या एका वाक्यावर सगळं भागवतात.

मृत्यूनंतर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४ होतं. पंचनामा, शवविच्छेदन, आणि बऱ्याचदा व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला जातो. तो अहवाल यायला वेळ लागतो आणि बाईला तोवर 'अहवाल आला की या' हे वाक्य ऐकावं लागतं. हे वाक्य कथेत तीनदा आलं तरी खोटं वाटणार नाही.

मदतीची रक्कम १ लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार बँकेत किंवा पोस्टात ठेव. पण आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते. कसोट्या साधारण अशा : कुटुंबाच्या नावावर शेतजमीन, नापिकी, बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा. गावातला सावकार बिनपरवान्याचा असेल तर ते कर्ज कागदावर नाहीच. म्हणजे ज्या देण्याने माणूस गेला, तेच मोजलं जात नाही. कथेसाठी याहून धारदार तपशील शोधून सापडणार नाही, आणि तो कुणी वापरत नाही.

आता जमीन. वारस नोंदीसाठी मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचं. (२०२४ पासून पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी', पण संवादात 'तलाठी'च लिहा, गावात तेच म्हणतात.) नाव आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला, मग फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, तेव्हा सातबाऱ्यावर नाव चढतं. कथेत बाई 'सातबारा आपल्या नावावर करून घेते' आणि दुसऱ्या दिवशी पेरते. असं होत नाही.

वाटणी कशी होते तेही पाहा. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृताची बायको, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. म्हणजे सासू वारस आहे, सासरा पहिल्या वर्गात नाही. जमीन त्याच्या स्वतःच्या कमाईची धरली आणि मागे बायको, दोन मुलं, आई असे चौघे राहिले, तर ३ एकरांचे १२० गुंठे, प्रत्येकी ३० गुंठे. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर सातबाऱ्यावर 'अ.पा.क. आई' असा शेरा येतो, अज्ञान पालनकर्ता. मुलांचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला विकता येत नाही. आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असून तो जिवंत असेल, तर तिला वारस म्हणून नाव लावायला जागाच नसते. मग ती कसते कुणाची जमीन?

काठपदर

सासू वारस आहे हे धाग्यातलं सोनं आहे. आपल्या कथांत सासू एकतर छळते, नाहीतर गळ्यात पडून रडते. तिचाही मुलगा गेलाय. आणि तिचा पाव हिस्सा आहे. दोन आया, दोन्ही आघातातल्या, आणि मधे ३० गुंठे.

पाचवा प्रहर

आघाताच्या खुणांबद्दल. पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार) हे निदान अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात १९८० साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. घरातल्या बायांवरच्या हिंसेला त्याच चौकटीत आणून बसवण्याचं काम ज्यांनी केलं त्यात मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन प्रमुख. त्यांचं १९९२ चं पुस्तक सावरण्याचे तीन टप्पे मांडतं : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग माणसांशी पुन्हा नातं.

कथालेखकाने या क्रमाकडे नीट बघावं. सुरक्षितता पहिली. ज्या घरात दीर रोज कर्जाचा हिशेब मागतो, दारात वसुलीवाला येतो, तिथे बाई शोकच सुरू करू शकत नाही. तिचं न रडणं म्हणजे कणखरपणा नव्हे, तिला अजून रडायला जागा मिळालेली नाही. ती कदाचित आठ महिन्यांनी, माहेरी, भाकरी थापताना रडेल, आणि बघणाऱ्यांना वाटेल आता कशाला.

वेळेचा अंदाज : पहिल्या महिन्यातली झोप उडणं, दचकणं, बधिरपणा याला तीव्र ताण प्रतिक्रिया धरतात. हीच लक्षणं महिन्याच्या पुढे टिकली तर पीटीएसडीचा विचार होतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी 'तिला मानसिक आजार झाला' हे लिहू नका, आणि पंधराव्या दिवशी 'ती बाहेर आली' हेही नाही.

आठवण येते ती चित्रपटासारखी येत नाही. तुकडा येतो. फवारणीच्या दिवसांत सगळ्या शिवाराला औषधाचा वास असतो, आणि तिला त्याच शिवारात मजुरीला जायचं असतं. ती वास चुकवते कसा? दुसऱ्या वाटेने जाते, तोंडाला ओढणी गुंडाळते, त्या आठवड्याची मजुरी बुडवते. टाळणं हे लक्षण आहे आणि त्याला दरदिवशी पैसे पडतात. इथे मानसशास्त्र आणि पोट एका वाक्यात येतं.

आणि आई म्हणून : बधिरपणा मुलांच्या बाबतीतही येतो. लेकरू बिलगलं तर तिला काही वाटत नाही, किंवा ती झिडकारते. हे लिहायला लेखक घाबरतात.

फटकळ

सगळं ठीक, पण यात कथा राहते का? सातबारा, कलम १९४, हर्मनबाई. वाचकाला माणूस हवा असतो, जीआर नको. आणि प्रत्येक खंबीर आईला 'पितृसत्तेची सोय' म्हटलं तर ज्या बाया खरंच उभ्या राहिल्या त्यांचं काय?

शाईचा डाग

फटकळ, पहिल्या मुद्द्यात दम आहे. तपशील दहा गोळा करावेत, कथेत दोन ठेवावेत. पण ते दोन निवडण्यासाठी दहा माहीत हवेत.

दुसऱ्याबद्दल : उभ्या राहिलेल्या बाईला कुणी नाकारत नाहीये. ती कशी उभी राहिली ते लिहा, एवढंच. 'खंबीर' हे विशेषण आहे, त्याने कथा हलत नाही. 'तिने सही केली नाही' याने हलते.

निळी दौत

आदर्श आईचं ओझं मराठीत जुनं आहे, म्हणून ही चिडचिड. 'श्यामची आई' १९३५ ची. श्यामच्या आईला शोक आहे, अपमान आहे, गरिबी आहे, पण आपण ती मुलाच्या कृतज्ञ आठवणीतून बघतो. आईवर रागावलेला, शरमलेला मुलगा तिथे क्षणभरच दिसतो आणि लगेच पश्चात्ताप करतो.

त्याच्या शेजारी बाबूराव बागूलांची 'आई' ही कथा ठेवा. वर्गात गुरुजी आईची थोरवी गाणारी कविता शिकवताहेत आणि बापाविना वाढलेल्या पांडूला पोरं त्याच्या आईवरून टोचून बोलताहेत. कविता आणि वस्ती एकाच पानावर. दलित विधवेने मुलासाठी वर्षानुवर्षं स्वतःला आवळून धरलेलं, आणि आता तिलाही काही हवं आहे. 'आई' आणि 'बाई' यांत तिला निवड करायला लावणारे कोण, हा प्रश्न बागूल इतक्या कडक पद्धतीने विचारतात की कौतुकाला फटच उरत नाही. मुलाची नजरसुद्धा निरागस नाही. तोही तिच्यावर पाळत ठेवणाऱ्यांतला एक होतो.

कथा मुलाच्या नजरेतून लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मुलगा निवेदक असला की आई आपोआप त्याच्यासाठी जगू लागते.

गुंठेवारी

विधवा प्रथेबद्दल एक भर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यानंतरच्या काळातली कथा असेल तर बांगड्या फोडण्याचा प्रसंग सवयीने लिहू नका. कुणी फोडायला पुढे आली, कुणी 'आता ठराव झालाय' म्हणाली, आणि बाई स्वतः काय म्हणाली? कदाचित तिला त्या क्षणी बांगड्यांचं काहीच पडलेलं नसेल.

संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये आहेत, कुटुंबाच्या वार्षिक २१ हजार उत्पन्नाच्या अटीत. उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणजे पुन्हा तहसील, पुन्हा मजुरी बुडते. फेऱ्या मोजून लिहा.

काठपदर

आता प्रत्यक्ष करून पाहू. सर्रास दिसणारा परिच्छेद असा असतो :

'तिने डोळे पुसले. आता रडून चालणार नव्हतं. लेकरांसाठी तिला उभं राहावंच लागणार होतं. तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक दिसू लागली.'

यातलं काय ठेवाल?

पाचवा प्रहर

काहीच नाही. 'चमक' तर आधी काढा. ती कुणाला दिसली? तिथे कुणी होतं का?

शाईचा डाग

मी असं करेन :

'दिराने कागद तिच्यापुढे सरकवला. घडीचे चार ठसे त्यावर उमटलेले होते, म्हणजे खिशात बरेच दिवस होता.
"कायचा हाये?"
"काही नाही, नावं सोपी करून घेऊ. तुह्यामागं कटकट नको."
"माह्या नावावर किती गुंठे येते?"
दीर थांबला. आतून कुकरची शिट्टी झाली. तिने शिट्ट्या मोजल्या नव्हत्या.
"ठेवून जा," ती म्हणाली. "वाचून घेते मी पोरीकडून."
तो गेल्यावर तिने कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि दार लावून घेतलं. मुलगा पाणी मागत होता. तिने ऐकलं, पण लगेच उठली नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. पाचवा प्रहर म्हणाले तो बधिरपणा. आणि ती दिराला नाही म्हणत नाहीये, फक्त वेळ घेतेय. पहिल्या महिन्यात तेवढंच जमतं.

फटकळ

हे आवडलं, कबूल. त्यात कायदा कुठे आहे ते दिसतही नाही.

गुंठेवारी

प्रसंग उत्तम, पण एक दुरुस्ती हवी. तो कागद हक्कसोडपत्र असेल तर घरच्या सहीने काही होत नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, तालुक्याला जाऊन, फोटो आणि अंगठा देऊन. मुलांचा हिस्सा ती तशी सोडूही शकत नाही, फक्त स्वतःचा. म्हणजे दिराला तिला गाडीत बसवून न्यावंच लागेल. कागद डब्याखाली ठेवल्यावर प्रसंग संपत नाही. एके सकाळी दारात जीप येते, आणि तिला ठरवावं लागतं.

काठपदर

जीप चांगली आहे. ती चढत नाही, एवढंच लिहायचं.

पण मग सासूचा पाव हिस्सा? तिचीही सही लागेल ना?

गुंठेवारी

लागेल. तिचेही ३० गुंठे.

काठपदर

मग सासू जीपमध्ये आधीच बसलेली असू द्या. मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. आणि ती सुनेकडे बघत नाही.